सही जुळत नाही

भविष्याशी माझा संबंध मुदत ठेवीपुरता. आज एवढे ठेवा, पाच वर्षांनी तेवढे मिळतील, हे भविष्य मी गेली बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून सांगत आलो आहे, आणि ते आजवर एकदाही चुकलेले नाही. त्यामुळे पोपटवाला, पिंगळा, कुडमुड्या जोशी आणि वर्तमानपत्रातले राशिभविष्यवाले या साऱ्या मंडळींकडे मी व्यवसायबंधूंच्या नजरेनेच पाहतो. मात्र जरा वरच्या पायरीवरून. ते नुसते ‘धनलाभ संभवतो’ म्हणतात. आम्ही दर सांगतो, तारीख सांगतो आणि वर उगमाशी करही कापतो.

अशा माणसाच्या घरी गेल्या दिवाळीत टॅरोचे पत्ते आले.

आणले भाचीने. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकते आणि दिवाळीच्या सुटीत मामाकडे येण्याची जुनी पद्धत अजून पाळते. त्या पत्त्यांच्या स्पेलिंगात शेवटी एक ‘टी’ आहे, पण तो उच्चारायचा नाही, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले. मला ते लगेच पटले. माझ्या पगारपत्रकातही अशा पुष्कळ गोष्टी आहेत, की ज्या लिहिलेल्या असतात पण हाती काही लागत नाहीत.

पत्ते एकूण अठ्ठ्याहत्तर. त्यांतले छप्पन्न आपल्या ओळखीचेच म्हणायचे. चार रंग, एक्क्यापासून दश्शीपर्यंत पाने, आणि वर राजा, राणी, घोडेस्वार व हुजऱ्या. रंग मात्र इस्पिक-बदाम नव्हेत. पेले, तलवारी, सोटे आणि नाणी. उरलेले बावीस पत्ते स्वतंत्र. त्यात एक मूर्ख, एक जादूगार, एक कंदीलवाला साधू, उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, सैतान, कोसळता मनोरा, चंद्र, सूर्य अशी मंडळी. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि पत्ता उलटा आला तर अर्थही उलटा.

“मामा, हे तुला पाठ होणार नाही,” भाची म्हणाली.

ज्या माणसाला शे-दीडशे खातेदारांचे खातेक्रमांक तोंडपाठ आहेत त्याला हे ऐकून घेणे शक्य नव्हते. शिवाय आमच्या सौभाग्यवती चकली तळता तळता तिकडून म्हणाल्या, “त्यांना दळणाचा डबा परत आणायचा पाठ राहत नाही, आणि हे कसलं राहतंय!” झाले. प्रश्न इभ्रतीचा झाला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ‘येते ते नावे, जाते ते जमा’ हे ज्या पद्धतीने पाठ केले त्याच पद्धतीने मी कामाला लागलो. वहीत तीन रकाने आखले : अनुक्रमांक, पत्त्याचे नाव, अर्थ. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ घोकले. तिसऱ्या दिवशी भाचीने परीक्षा घेतली. तिने उलटा टांगलेला माणूस पुढे धरला. मी ताबडतोब म्हणालो, “निलंबन. खातेनिहाय चौकशी.”

“मामा, याचा अर्थ शांतपणे थांबणं. गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनं बघणं.”

“उलटं टांगलेला माणूस शांत कसा असेल?”

“तू त्याचा चेहरा बघितलास का?”

मी चेहरा बघितला नव्हता. दोन दिवस पत्ता समोर ठेवून मी वही पाठ करत होतो!

“तू असं कर,” ती म्हणाली, “रोज एक पत्ता घे आणि त्याचं चित्र काढ. बघून बघून काढ. चांगलं आलं नाही तरी चालेल. अर्थ आपोआप लक्षात राहील.” पत्ते होळीपर्यंत माझ्याकडे ठेवून ती परत गेली.

आता माझ्या चित्रकलेविषयी दोन शब्द. शाळेत असताना मी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो होतो. स्थिरचित्रात तांब्या, दोन वांगी आणि एक कांदा असा देखावा होता. माझा तांब्या असा काही कललेला निघाला, की शेजारच्या मुलाने तो घाईघाईने धरायला हात पुढे केला, असे मी आजही अभिमानाने सांगतो. त्यानंतर मी जे काही काढले ते बँकेतून कर्ज, आणि तेही घरासाठी.

तरीपण जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने कापली, पेन्सिलीला टोक केले आणि रात्री जेवणे आटोपल्यावर मूर्खापासून सुरुवात केली. मूर्खाचा आकडा शून्य. कड्याच्या टोकावर एक तरुण आकाशाकडे बघत उभा आहे. खांद्यावर काठीला बांधलेले गाठोडे, हातात पांढरे गुलाबाचे फूल, आणि पायाशी पांढरे कुत्रे. काढताना माझ्या लक्षात आले की त्याचा पुढचा पाय कड्याच्या फार जवळ आहे. कुत्रे नेमके कुठे आहे हे ठरवायला चारदा खोडावे लागले, आणि त्या चार खोडाखोडीत कुत्र्याशी ओळख झाली. माझे कुत्रे शेळीसारखे निघाले. पण आज झोपेतून उठवून विचारलेत तरी ते कुठल्या बाजूला आहे ते मी सांगेन. चित्र झाल्यावर कोपऱ्यात सही केली आणि तारीख घातली. बँकेतला माणूस; सही-तारखेशिवाय कागद हातावेगळा केला की त्याला रात्री झोप लागत नाही.

असे रोज एक. उलट्या टांगलेल्या माणसाच्या वेळी मला कागद फिरवून बसावे लागले, आणि तेव्हा दिसले, की याच्या डोक्याभोवती चक्क तेजोवलय आहे, चेहरा अगदी स्वस्थ आहे, आणि ज्या लाकडाला त्याला टांगले आहे त्याला हिरवी पाने फुटलेली आहेत. घोकताना यातले एक पानही मला दिसले नव्हते. मृत्यूच्या पत्त्यात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतो, राजा खाली पडलेला असतो. हे सगळे दिसतेच. पण मागे क्षितिजावर दोन मनोरे आहेत आणि त्यांच्यामध्ये सूर्य आहे, हे तो सूर्य स्वतःच्या हाताने काढेपर्यंत कुणाला दिसत नसावे. चार-पाच दिवसांनी चंद्र काढला, तर तिथेही दोन मनोरे उभे. बदलीच्या गावी अचानक जुना शेजारी भेटावा तसा मला आनंद झाला.

पण नुसती चित्रे काढून माझे समाधान होईना. कुठलेही खाते हाती आले की ते पहिल्यांदा कधी उघडले, कुणी उघडले, हे बघायची मला खोड. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली आणि टॅरोचा खातेउतारा अगदी पहिल्या नोंदीपासून तपासायला घेतला. आणि काय सांगू, पहिली नोंद खरोखरच पैशांची निघाली!

सन १४४०. एका नोटरीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की आपण फ्लॉरेन्सला रिमिनीच्या मालातेस्ता सरदारासाठी चित्रांच्या पत्त्यांचा एक जोड साडेचार डुकाटांना घेतला. दोन वर्षांनी, १४४२ साली, फेरारा दरबाराच्या हिशेबवहीत साग्रामोरो नावाच्या चित्रकाराला असे चार जोड रंगवल्याबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या पत्त्यांभोवती पुढे एवढी गूढ धुकी पसरली त्यांच्या जन्माचे दाखले एका नोटरीने आणि एका कारकुनाने लिहून ठेवलेले आहेत. जगातल्या सगळ्या गूढ गोष्टींच्या तळाशी शेवटी एखादे व्हाउचर सापडते, असा माझा पूर्वीपासूनचा संशय आहे.

भविष्याचे नावही तेव्हा नव्हते. हा साधा पत्त्यांचा खेळ होता. त्या बावीस पत्त्यांपैकी मूर्ख सोडला तर बाकीची हुकुमाची पाने. इटालियन लोक त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत, आणि इंग्रजीतला ‘ट्रम्प’ म्हणजे हुकूम हा शब्द त्याच घराण्यातला. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांनी पंधराव्या शतकाच्या मध्याला सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते रंगवून घेतले. त्यातल्या एका संचाचे चौऱ्याहत्तर पत्ते आजही शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही इटलीत बेर्गामोला. चार पत्ते कमी पडतात : सैतान, मनोरा, तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार. पाचशे वर्षांनी रोकड मोजून फक्त चार नगांची तूट, हे आमच्या कॅश खात्याने आदर्श म्हणून भिंतीवर लावण्यासारखे आहे.

साधे पत्ते युरोपात त्याच्याही आधी, १३७० च्या सुमारास, मुसलमानी मुलखातून आले. इस्तंबूलच्या तोपकापी वाड्यात इजिप्तच्या मामलूक राजवटीतले जुने पत्ते आहेत. त्यांचे रंग पेले, तलवारी, नाणी आणि चौगान खेळायच्या काठ्या. युरोपातल्या लोकांना चौगान ठाऊक नसल्याने त्या काठ्यांचे साधे सोटे झाले. त्यातल्या एका पत्त्यावर ‘कंजिफा’ असा शब्द आहे. हे मी आमच्या सावंतवाडीच्या सहकाऱ्याला सांगितले तर तो डबा खाता खाता थांबला. “अहो, म्हणजे आमची गंजिफा!” म्हणाला. खरेच आहे ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याने स्वतः केली आहे. आणि सावंतवाडीचे चितारी दशावताराचे दहा रंग नि एकशेवीस गोल पत्ते अजून हाताने रंगवतात. तिथेही शिकायची रीत एकच. बघायचे आणि काढायचे.

मग भविष्य कुठून आले? ते आले पॅरिसहून, आणि फार उशिरा. १७८१ साली कूर द जेबलां नावाच्या विद्वान गृहस्थाने ठरवून टाकले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या पुजाऱ्यांचे ज्ञानभांडार आहे. इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ साली. म्हणजे ती लिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, तेव्हा यांनी त्यातला मजकूर सांगून टाकला! असा आत्मविश्वास मी फक्त कर्ज मागायला येणाऱ्यांत पाहिला आहे. पाठोपाठ १७८५ साली एतेय्या नावाच्या माणसाने टॅरोवरून भविष्य कसे सांगावे याचे पुस्तकच काढले. त्याचे खरे आडनाव आल्येत. त्याने त्याची अक्षरे उलटीकडून लिहिली आणि एतेय्या झाला. आमच्याकडे असे केले असते तर त्याचे खातेसुद्धा उघडले नसते.

इथवर वाचून मी सौभाग्यवतींना म्हणालो, “बघ, तीनशे वर्षं हा नुसता खेळ होता. मग कुणीतरी त्याला भविष्य चिकटवलं.”

“मग रोज रात्री अकरापर्यंत कशाला बसता?” त्या म्हणाल्या.

याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. ते पुढे मिळाले, आणि तेही दोन ठिकाणी.

लंडनमध्ये १८८८ साली गूढविद्येच्या नादी लागलेल्या मंडळींनी ‘गोल्डन डॉन’ नावाची एक गुप्त संस्था काढली. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणारे कवी येट्स हेही तिचे सभासद. संस्थेच्या परीक्षा असत, पायऱ्या असत. एकंदरीत आमच्या बढतीच्या परीक्षेसारखेच वातावरण. तिथे वरच्या पायरीवर पोहोचलेल्या सभासदाला टॅरोचा संच विकत मिळत नसे. संस्थेचा मूळ संच उसना मिळायचा, आणि त्यावरून आपला संच आपण काढायचा आणि रंगवायचा. भाचीने मला दिलेली शिक्षा हा तिथला अभ्यासक्रम होता! पुढे अमेरिकेत पॉल फॉस्टर केस या गृहस्थाने आपल्या विद्यार्थ्यांना नुसत्या काळ्या रेघांचे पत्ते दिले. रंग ज्याचे त्याने भरायचे. इजिप्तच्या बाबतीत या मंडळींच्या समजुती कशाही असोत, पण हाताने काढल्याशिवाय चित्र डोक्यात शिरत नाही एवढे त्यांना पक्के कळले होते.

या गोल्डन डॉनमध्ये आर्थर एडवर्ड वेट नावाचे एक गृहस्थ होते. गूढविद्येवर जाडजूड ग्रंथ लिहीत आणि पोटासाठी काही वर्षे हॉर्लिक्स कंपनीत नोकरी करीत. हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटू लागला. वेटसाहेबांनी नवा टॅरो संच काढायचे ठरवले आणि १९०९ च्या अखेरीला लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने तो बाजारात आणला. तोच संच पुढे जगभर गेला, आणि तोच आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी पडला होता. डब्यावर नाव होते ‘रायडर-वेट’. एक प्रकाशक, एक लेखक. दोघांपैकी एकानेही त्यात एक रेघ ओढलेली नाही.

हे मला कसे कळले ते सांगतो. तीस-बत्तीस पत्ते काढून झाले असतील. तलवारीची तिर्री समोर होती : पाऊस पडतो आहे, ढग आहेत, आणि मधोमध एका हृदयात तीन तलवारी आरपार गेल्या आहेत. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या कुसळासारखी एक वळवळ होती. गवताची काडी समजून मी तीही काढली. काढता काढता हात थांबला. ही वळवळ मी आधीही काढली होती. जुने कागद उलगडून बघितले. कधी ती दगडाची भेग म्हणून काढली होती, कधी झुडूप म्हणून, तर एकदा चक्क गांडूळ म्हणून! भिंग आणले. इंग्रजी एस नागासारखा उभा आणि त्याला पी आणि सी बिलगलेले.

ती सही होती. प्रत्येक पत्त्यावर होती. बावीस वर्षे सह्या तपासणाऱ्या माणसाने तीस वेळा ती सही गांडूळ म्हणून पास केली होती.

पी. सी. एस. म्हणजे पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडनचा, आईवडील अमेरिकन, बालपणीची काही वर्षे जमैकात आणि चित्रकलेचे शिक्षण ब्रुकलिनला. जमैकात ऐकलेल्या अनान्सी कोळ्याच्या गोष्टींचे तिने १८९९ मध्ये पुस्तक केले. एलन टेरी या गाजलेल्या नटीच्या नाटक मंडळीबरोबर ती हिंडली. त्या मंडळीत तिचे लाडके नाव ‘पिक्सी’. हे वाचल्यावर मला आणखी एक कोडे सुटले. पुष्कळ पत्त्यांत माणसांच्या पायांमागून एक आडवी रेघ जाते आणि तिच्यापलीकडे गाव, समुद्र, डोंगर असतात. ती रेघ मी पट्टीने मारत होतो आणि जमिनीला अशी कड कुठे असते म्हणून चरफडत होतो. अहो, तो रंगमंच! पुढे फळी, मागे रंगवलेला पडदा. नाटकवाल्या बाईने नाटकच मांडले होते.

तिच्या आधीच्या बहुतेक संचांत अठ्ठी म्हणजे नुसती आठ नाणी आणि दश्शी म्हणजे नुसते दहा सोटे. हिने त्या छोट्या पानांतही माणसे आणली. नाण्यांची अठ्ठी म्हणजे बाकावर बसून एकेक नाणे घडवणारा कारागीर. सोट्यांची दश्शी म्हणजे दहा सोट्यांची मोळी कवटाळून वाकून चाललेला माणूस. मार्चअखेर आमचा सगळा विभाग तसाच दिसतो. पेल्यांच्या चौकीत एक तरुण झाडाखाली हाताची घडी घालून बसला आहे आणि ढगातून आलेला हात त्याला चौथा पेला देतो आहे, तिकडे त्याचे लक्षच नाही. हा आमच्या चहाच्या सुटीचा हुबेहूब देखावा. नाण्यांच्या पंजीत मात्र बर्फात दोन दरिद्री माणसे चालली आहेत. एकाच्या काखेत कुबड्या, आणि मागे देवळाच्या रंगीत खिडकीत उजेड. त्या रात्री मी विनोद केला नाही.

असे चित्रांचे पत्ते तिच्या आधी एकदा झाले होते, १४९१ च्या सुमारास इटलीत. त्या संचाला सोला बुस्का म्हणतात. त्याचे फोटो १९०७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आले. ते तिने पाहिले असावेत असे जाणकार मानतात. कारण हृदयातल्या तीन तलवारी आणि मोळीखाली वाकलेला माणूस तिथे आधीच आहेत. म्हणजे तिनेही बघून बघून काढले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका हातावरून तिने काढले, तिच्यावरून मी काढत होतो. या रांगेत सर्वांत शेवटी शेळीसारखे कुत्रे काढणारा एक कारकून उभा होता, पण रांग तीच होती.

आणि मोबदला? नोव्हेंबर १९०९ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराला पत्रातून कळवले, की मोठे काम हातावेगळे केले आहे, सुमारे ऐंशी चित्रे, आणि पैसे अगदीच थोडे. पुढे संच खपत राहिला. ती १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली, तेव्हा देणी भागवायला तिचे सामानसुमान विकावे लागले. ती मूळ चित्रे कुठे गेली कुणास ठाऊक. अलीकडे जाणती माणसे त्या संचाला ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणू लागली आहेत. नाव तिसऱ्या क्रमांकावर का होईना, लागले. सही मात्र तिने पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती. आम्हीच ती वाचली नव्हती.

याच सुमाराला बँकेत एक गोष्ट घडत होती.

आमच्या शाखेत एक पेन्शनर आजी येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरतो. दर महिन्याला विड्रॉल स्लिप भरून स्वतः काउंटरवर येतात. नोव्हेंबरात त्यांची सही पडद्यावरच्या नमुना सहीशी जुळेना. तीनदा करून घेतली. तिसरी कशीबशी जुळली असे मानून पैसे दिले. डिसेंबरात मुळीच जुळेना. मी म्हणालो, “आजी, नवीन नमुना सही देऊन टाका. एक फॉर्म भरायचा, एक फोटो लागेल.”

“नवीन सही?” आजी म्हणाल्या. “अरे बाबा, माणूस जुनं आणि सही नवी कशी असेल? माझी सही हीच आहे.”

मागे रांग वाढत होती. मी स्लिपवर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारला आणि परत केली. नियमाप्रमाणे अगदी बिनचूक. आजींनी स्लिपची घडी करून पिशवीत ठेवली आणि त्या पैसे न घेताच पायऱ्या उतरून गेल्या. जिन्याचा कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या, ते मला काउंटरवरून दिसत होते. मी पुढचा टोकन नंबर पुकारला.

जानेवारीत त्या पुन्हा आल्या. मधल्या काळात ते गांडूळ प्रकरण झालेले. मी स्लिप हातात घेतली आणि प्रथमच, जुळते की नाही हे न बघता, ही काढली कशी असेल हे बघू लागलो. पडद्यावरची नमुना सही वीस-बावीस वर्षांपूर्वीची, ठसठशीत. नीट बघितल्यावर दिसले की अक्षरे शिरोरेषेला चिकटलेली नाहीत. दोन अक्षरे तर तिच्याखाली किंचित लोंबत आहेत. आपण सगळे अक्षरे लिहून मग वर रेघ मारतो. आजींनी आधी रेघ मारली होती आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे तिला अडकवली होती. आता हातातली स्लिप बघितली. रेघ थरथरत होती, पाण्यातल्या काठीसारखी वाकडी होती. पण अक्षरे तिच्याखाली तशीच लोंबत होती. तीच दोन.

“आजी,” मी म्हणालो, “जरा या कागदावर माझ्यासमोर सही करता?”

त्यांनी पेन घेतले, आणि थरथरत्या हाताने आधी रेघ मारली.

“तुम्ही रेघ आधी मारता?”

“मग? फळ्यावर आधी रेघ मारली नाही तर ओळ खाली उतरते. पस्तीस वर्षं पोरांना तसंच शिकवलं.”

मी ओळखपत्र बघितले, साहेबांकडे स्लिप घेऊन गेलो आणि दोन्ही सह्या त्यांना रेघेपासून समजावून सांगितल्या. साहेबांनी आधी सहीकडे, मग माझ्याकडे पाहिले. आणि स्लिप पास झाली. परत येऊन आजींना पैसे दिले. डिसेंबरबद्दल काहीतरी बोलावे म्हणून मी घसा खाकरला. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, त्यातली एक वेगळी काढली आणि म्हणाल्या, “ही पन्नासची फाटकी आहे. बदलून दे.”

बदलून दिली.

होळीला भाची आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर चित्रांची चळत तयार होती. परीक्षा झाली. अर्थ बहुतेक सगळे बरोबर आले. जिथे पुस्तकातला अर्थ आठवला नाही तिथे चित्र आठवले, आणि चित्राने सांगितले. पत्ते खरोखर भविष्य सांगतात का, असे सौभाग्यवतींनी विचारले. तसा अनुभव नाही, असे मी सांगितले. पण समोर काय आहे ते नीट बघायला लावतात. ते मला चाळिशीपर्यंत कुणी शिकवले नव्हते.

भाची एकेक चित्र बारकाईने बघत होती. कुत्र्याला हसून झाल्यावर म्हणाली, “मामा, सुरुवातीला तू तिची सही गवत म्हणून काढली आहेस. मग कळल्यावर पुढच्या चित्रांत तो कोपरा रिकामाच ठेवलास?”

“दुसऱ्याची सही काढली तर आमच्यात नोकरी जाते,” मी म्हणालो.

“पण तुझी स्वतःची सगळीकडे आहे की!” असे म्हणून तिने पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी शेजारी ठेवले. दिवाळीतली माझी सही ताठ, आखडलेली, शिक्का मारल्यासारखी. होळीतली मोकळी, जरा वळणदार, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी कोपऱ्यापर्यंत गेलेली.

सही जुळत नव्हती. मी दोन्ही पास केल्या.